भिंतीवर ठोकलेली खिडकी

मित्रांनो, खिडकीच्या एका अंगाला घर असतं आणि दुसऱ्या अंगाला जग, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. माझ्या एका अंगाला बाबुलालशेठचं दुकान होतं आणि दुसऱ्या अंगाला भिंत. कळंबमध्ये यवतमाळ रस्त्यावर त्यांचं दारं-खिडक्यांचं दुकान आहे. तिथे जमिनीपासून दोन हात उंचीवर मला चार स्क्रूंनी पक्कं केलं होतं आणि माझ्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली होती: 'नमुना. विकणे नाही.' अशी मी सात वर्षं काढली.

आता थोडं जन्माचं सांगते. मी यूपीव्हीसीची आहे, म्हणजे एका कडक पांढऱ्या प्लास्टिकची. माझे चारही कोपरे तापवून एकमेकांत जोडले आहेत. पोटात जस्त चढवलेली लोखंडी पट्टी आहे. काचेचे दोन पल्ले रुळावर सरकतात, तिसरा पल्ला बारीक जाळीचा, आणि प्रत्येक पल्ल्याच्या कडेने रबराची पट्टी आहे. कारखान्यातली माणसं मला घडवताना म्हणत, ही समुद्रकाठच्या घरांसाठी. तिकडच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, साध्या अॅल्युमिनियमला डाग पडतात, लाकूड पावसाळ्यात फुगतं. हिला काही होणार नाही. ते ऐकून मी अगदी हुरळून गेले होते. मग मला पुठ्ठ्यात गुंडाळून ट्रकमध्ये चढवलं. दोन दिवसांनी जिथे उतरवलं, तिथे समुद्राचा पत्ता नव्हता. होता तो कापूस, तूर आणि पंचेचाळीस डिग्रीचं ऊन. कंपनीने सगळ्या दुकानांना एकच नमुना पाठवला होता. नकाशा बघायला वेळ कुणाला आहे?

दुकानात माझी उठबस मात्र चांगली होती. गिऱ्हाईक आलं की पहिला हात मला लागे. उघड, लाव. उघड, लाव. दिवसातून चाळीस वेळा. चतुर्थीला चिंतामणीच्या दर्शनाला आलेली माणसंसुद्धा परत जाताना उगाच आत शिरत आणि मला सरकवून बघत. उघडल्यावर समोर भिंत दिसली की मुलं खिदळत. मला फार लाज वाटे. माझं कौतुक होई ते कशाचं? पल्ला आवाज न करता सरकतो याचं. पल्ला सरकून पुढे काय, हे विचारणारा कुणी नव्हता.

मुलं हसतात हे पाहून बाबुलालशेठनी माझ्यामागे एक मोठं चित्र चिकटवलं. निळा समुद्र, वाळू, दोन नारळाची झाडं. खरं सांगते, वर्षभर मी तो समुद्र खराच समजले. भरती का येत नाही, एवढंच मला कोडं पडलं होतं. पुढच्या मे महिन्यात चित्राचा डिंक वाळला, वरचा कोपरा सुटून खाली लोंबायला लागला आणि आतला चुना दिसला. त्या दिवशी मी जो धसका घेतला, तो कुणाला कळला नाही. काच रडत नाही, मित्रांनो.

या दुकानात धर्मपाल कामाला होता. कळंबचाच. मूळचा सुतार, पण आता लाकूड, लोखंड, प्लास्टिक, जे येईल ते बसवणारा फिटर. हात सोन्याचा. दुपारी तो माझ्याखाली पोतं अंथरून डबा खायचा. हात भरलेले असत, म्हणून बायकोचा फोन आला की स्पीकरवर टाकायचा. त्यामुळे साधनाताईंचा आवाज मला चेहऱ्याच्या आधी ओळखीचा झाला.

"लाइन गेली पाहा," असं त्या म्हणायच्या. "अंधारात बसली आहो. पायानं मशीन चालते, पण सुईत धागा कोन ओवंन?"

"दार उघड ना."

"दार उघडलं तं रस्त्याची धूळ येते. अन् खिडकीचं काय झालं तुमच्या?"

"करू ना. हे काम आटपू दे."

ती खिडकीची गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनी ऐकली. साधनाताई घरी शिलाई करायच्या, शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांच्या खोलीला एक लाकडी खिडकी होती. तिच्यापलीकडे जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की जिनिंगमधून रुईचे बारीक तंतू उडत आणि खिडकीच्या फटींतून आत येत. गणवेशाच्या निळ्या कापडावर बसत, श्वासात जात. साधनाताईंना खोकला लागला तो जाईना. तेव्हा धर्मपालने ती खिडकी काढली आणि विटा लावून बुजवली. तात्पुरती, असं म्हणाला होता. त्याला अकरा वर्षं झाली.

बाबुलालशेठ त्याची थट्टा करत. "साऱ्या कळंबले खिडक्या लावून राह्यला, अन् तुह्या घरात अंधार. यालेच म्हणते दिव्याखाली अंधार!"

धर्मपाल हसायचा आणि डब्याचं झाकण लावायचा. मला त्याचा राग यायचा. मी इथे एका भिंतीवर फुकट लटकलेली आणि तिथे एक बाई दुसऱ्या भिंतीपुढे बसलेली. पण नमुन्याला कोण विचारतो?

मग एका दिवाळीत भैरवीताई आल्या. सोबत त्यांचे वडील श्रीकृष्णराव, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. भैरवीताई डॉक्टर. दूर कोकणात, समुद्रकाठच्या एका गावी सरकारी दवाखान्यात होत्या आणि तिथेच त्यांनी छोटं घर बांधलं होतं. लेकीच्या घराला दारं-खिडक्या यवतमाळच्याच, असा श्रीकृष्णरावांचा हट्ट. सागवानी दारं आणि लोखंडी खिडक्या त्यांनी इथे करवून घेतल्या, ट्रकमध्ये घातल्या आणि बसवायला धर्मपालला सोबत पाठवलं. ते गेल्या वैशाखातलं.

श्रीकृष्णराव आल्या आल्याच तडकले. "धर्मपाल, तुझ्यावर भरवसा ठेवला होता मी. पोरगी कोंडली गेली तिथे!"

"बाबा, मी सांगते," भैरवीताई म्हणाल्या. त्या माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. "श्रावणातली गोष्ट. आठ दिवस पाऊस थांबलाच नव्हता. सकाळी आतल्या खोलीत साडी घ्यायला गेले आणि वाऱ्याने दार लागलं. कडी लावलीच नव्हती, तरी दार उघडेना. फुगून चौकटीत गच्च बसलं होतं. खिडकी उघडायला गेले तर तिचा बोल्ट गंजून चिकटलेला. फोन स्वयंपाकघरात वाजत होता. दवाखान्यात पेशंट थांबलेले. चार तासांनी शेजाऱ्यांनी पहारीने दार फोडलं."

"चार घंटे?" धर्मपालने विचारलं.

"चार तास. पहिला अर्धा तास मी हाका मारल्या. मग नुसती भिंतीकडे बघत बसले. भाऊ, स्वतःच्या घरात, भर दिवसा, बाहेरच्या माणसांचे आवाज येताहेत आणि आपण आत. मला स्वतःचीच कीव आली. रडू आलं."

धर्मपालच्या खिशातला फोन वाजायला लागला. त्याने काढून पाहिला, पण उचलला नाही.

"सागवानाला काही म्हणू नका," श्रीकृष्णराव म्हणाले. "आपल्याकडचं सागवान लोक कुठून कुठून मागवतात."

"सागाची चूक नाही साहेब, माही हाये," धर्मपाल म्हणाला. "आपल्याकडं उन्हाळ्यात लाकूड आकसते. फट पडते, गरम हवा आत येते, धूळ येते. म्हणून आमी दार असं बसवतो का मधातून पोस्टकार्ड जाऊ नये. कोणी म्हटलं का तुह्या दाराले फट नाही, तं छाती फुगते आमची. तसंच तिकडं बसवून आलो. अन् तेही वैशाखात, लाकूड सुकून खडंग असताना. पाणकाळ्यात ते फुगंन, त्याले जागा पाह्यजे, हे ध्यानातच नाही आलं माह्या. लोखंडही आपल्या सवयीनं दिलं. आपल्याकडं गंजायला दहा वर्षं लागते, तिकडं एक पाणकाळा पुरला."

चूक कबूल करताना माणूस खाली बघतो. धर्मपाल सरळ ताईंकडे बघत बोलला. मला त्याचा अभिमान वाटला, राग असूनही.

"मग आता काय लावायचं?" ताईंनी विचारलं.

"समोरचं दार सागाचंच राहू द्या. मी त्याले चारी कडांनी दोन-दोन सूत, म्हणजे पाव-पाव इंच, रंधा मारतो अन् वरून-खालून तेल पाजतो. आतल्या दाराले लाकूड नको. अन् खिडक्या अशा." त्याने माझ्यावर हात ठेवला. "पाण्यानं फुगत नाही, खाऱ्या हवेनं गंजत नाही. स्क्रू सारे स्टेनलेसचे. रबर आहे, तं पाऊस अन् वारा आत येत नाही."

श्रीकृष्णरावांनी मला नखाने टिकटिक वाजवलं. "प्लास्टिक!" असं म्हणून तोंड वाकडं केलं.

"बाबा, घर तिकडे आहे, खिडकी तिकडची हवी," ताई म्हणाल्या. मग धर्मपालकडे वळून सहज विचारलं, "तुमच्या घरी कसल्या आहेत हो, भाऊ?"

बाबुलालशेठ तोंडावर रुमाल धरून हसले. धर्मपालने टेप काढली आणि मापांचा कागद मागितला.

मित्रांनो, मला वाटलं, सुटले! पसंत पडले ती मी. आता समुद्र. मी रात्रंदिवस वाट पाहिली. महिन्याने ट्रक आला आणि त्यातून माझ्यासारख्याच सात खिडक्या उतरल्या, कोऱ्या, कागद गुंडाळलेल्या. धर्मपाल त्यांना घेऊन कोकणात गेला. भैरवीताई मला विसरल्या होत्या असं नाही. नमुना विकत नाहीत, एवढंच. ज्याच्यामुळे इतरांची निवड होते, तो तिथेच राहतो.

त्याच ट्रकमधून कंपनीचा नवा नमुनाही आला होता. राखाडी रंगाचा, नव्या कडीचा. बाबुलालशेठनी माझे चार स्क्रू काढले, पाटी काढली आणि मला पुट्टीच्या डब्यांमागे जमिनीवर उभं केलं, तोंड भिंतीकडे करून. आधी निदान पाठीला भिंत होती, आता ती नाकाला लागली. माझ्या रुळात धूळ बसली, सिमेंट सांडलं, एका कोळ्याने कोपऱ्यात घर केलं. चाळीस वेळा उघडणारे हात गेले. मी उघडते की नाही, हे मलाच आठवेनासं झालं. असे अडीच महिने गेले. कुणी माझं काय वाईट केलं होतं, असं मी म्हणणार नाही. नुसतं ठेवलं होतं.

माघातली एक दुपार. धर्मपाल डबा विसरला होता आणि तो घेऊन साधनाताई स्वतः आल्या. आवाज ओळखीचा, बाई पहिल्यांदाच पाहिली. बारीक चणीची, बोटांना सुईचे बारके व्रण, आणि बाहेरच्या उन्हामुळे डोळे किलकिले केलेले.

"डॉक्टरीणबाईले दिल्या त्या खिडक्या कोनत्या हो?" त्यांनी विचारलं.

"तशी एक हाये तिथं मांगं," धर्मपालने डब्यांकडे बोट दाखवलं.

त्यांनी डबे सरकवले आणि मला फिरवून सरळ केलं. पदराने काच पुसली. मग पल्ला ढकलला. सिमेंटचे खडे कुरकुरले. त्यांनी जोर लावला तसा तो सरकला आणि माझ्यातून त्यांना समोर भिंत दिसली.

त्यांनी हात आत घालून त्या भिंतीला बोट लावलं.

"बाई वं," त्या हळूच म्हणाल्या, "हिच्याही समोर भिंतच."

सात वर्षांत एवढं मला कुणी म्हटलं नव्हतं.

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही. "एक गोष्ट इचारू? डॉक्टरीणबाई चार घंटे कोंडल्या तं तुमी समुद्रापर्यंत गेले. तीन दिवसांचा रस्ता. गेलंच पाह्यजे, चूक तुमची होती. पण माह्या भिंतीच्या विटा कोनं लावल्या? मी अकरा वर्षांपासून आत हाये. मले काहून नाही इचारलं कोनं?"

धर्मपालच्या हातात भाकरीचा तुकडा होता. "तुह्या खोकल्यासाठीच लावल्या ना, साधना. खिडकी केली तं कापूस येईन. पुन्हा खोकला लागंन."

"ही समुद्राचा वारा अडवते म्हणता ना? तुमीच सांगत होते आल्यावर, पाणी मारून पाह्यलं, आत थेंब नाही आला म्हणून. मंग कापूस नाही अडवणार? मले पाहू तं द्या."

धर्मपालने माझ्या रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं. जाळी उजेडाकडे धरून पाहिली. इतकी वर्षं त्याने हजार गिऱ्हाइकांना माझे गुण सांगितले होते, पण स्वतःच्या घरासाठी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात मी समुद्राची होते, आणि त्याच्या घराजवळ समुद्र नव्हता.

"शेटजी," तो म्हणाला, "ही मले द्या."

"नमुना विकत नाही कंपनी," बाबुलालशेठ सवयीने म्हणाले.

"इकत कोन मांगून राह्यलं?" साधनाताई म्हणाल्या. "तुमच्या दुकानाले पडदे शिवून देईन."

"ने बाई, ने. नाही तरी माह्या पायातच येऊन राह्यली," शेठ म्हणाले, आणि हमाली गाडीवर मला ठेवायला स्वतः हात लावला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. धर्मपालने छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वतः लावलेल्या विटा स्वतः काढल्या. मी नमुना म्हणून आखूड. जुन्या खिडकीची जागा मोठी. खालचे तीन थर त्याने तसेच ठेवले. या वेळी त्याने छाती फुगवली नाही. माझ्या चारी बाजूंना बोटभर जागा सोडली, ती फोमने भरली, बाहेरून सांधे बुजवले आणि खालच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूने उतार दिला. काम करताना दोन वेळा म्हणाला, "कापूस आत आला तं पुन्हा विटा लावा लागतीन, साधना." ताई विटांचे तुकडे अंगणात एका बाजूला रचत होत्या.

मित्रांनो, मी किती घाबरले होते म्हणून सांगू? सात वर्षं माझी स्तुती झाली, पण वाऱ्याची एक झुळूक माझ्यावर कधी आली नव्हती. माझं रबर जुनं झालेलं. त्यात मी चुकले, तर फक्त माझी फजिती नव्हती. ती बाई पुन्हा भिंतीआड जाणार होती.

पुढच्या सकाळी जिनिंग सुरू झालं. हंगाम भरात होता. वारा नेमका आमच्या बाजूचा. बाहेर पांढरं पांढरं उडायला लागलं आणि माझ्या जाळीवर, चौकटीवर, काचेवर येऊन बसायला लागलं. साधनाताईंनी दार लावलं, काचेचे पल्ले लावले, आणि शिलाई मशीन बरोबर माझ्याखाली ओढून तिच्यावर काळं कापड अंथरलं. घडी न घातलेलं, कोरं, काळं. त्याच्यावर तंतू पडला की लगेच दिसणार. मग त्या खालीच बसून हाताने काजं करत राहिल्या. धर्मपाल कामावर गेला नाही. दर थोड्या वेळाने येऊन कापड बघे आणि निघून जाई.

दुपारी वाऱ्याचा जोर वाढला. माझा उजवा पल्ला थरथरला. मी रुळाला घट्ट धरून राहिले. असं काम मी आयुष्यात पहिल्यांदा करत होते, आणि ते आवडतही होतं.

दिवस कलला तेव्हा जिनिंगचा भोंगा झाला. यंत्रं थांबली. दोघंही मशीनपाशी आले. साधनाताईंनी कापड दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या उजेडात धरलं. विजेचा दिवा लावायची गरज पडली नाही. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. दोन तंतू होते.

"हे दारातून आले," धर्मपाल घाईने म्हणाला.

"कुठून का येईनात," ताई म्हणाल्या. "दोन तंतूनं मी मरत नाही."

त्यांनी जाळीवरचा कापूस बाहेरून झाडला, मग आत येऊन काचेचा पल्ला सरकवला. बाहेर बाभळीचं झाड, तारेचं कुंपण, कापसाच्या रिकाम्या गाड्या परत जाताहेत, आणि शेजारची तानाबाई गोवऱ्या गोळा करतेय. तानाबाईने वर पाहिलं आणि दचकून ओरडली, "आवो साधना! तू इथं बसते होय? म्या म्हटलं, इथं भिंतच हाये!"

साधनाताई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, धर्मपाल पाणी आणायला धावला, आणि त्या पाणी प्यायच्या ऐवजी माझ्या कट्ट्यावर कोपर टेकून तानाबाईशी बोलत राहिल्या. धर्मपाल तांब्या घेऊन मागे उभा होता. त्याने डोळे पुसलेले मी पाहिले. मी आता दोन्हीकडे बघू शकते.

माझी फार मागणी नाही, मित्रांनो. ओल्या फडक्याने पुसत जा. रुळातली धूळ महिन्यातून एकदा ब्रशने काढा. रबर कडक झालं तर बदला. उद्या तुम्ही मोठे व्हाल, घर बांधाल आणि लाकडाची, लोखंडाची की माझ्यासारखी, असा वाद घालाल. जरूर घाला. समुद्र किती जवळ, ऊन किती, पाऊस कुठल्या अंगाने येतो, सगळं विचारा. पण त्याआधी एक विचारा: त्या खोलीत दिवसभर कोण बसणार आहे? साधनाताईंच्या घरी हे विचारायला अकरा वर्षं लागली, आणि शेवटी विचारलं ते त्यांनीच.